मागच्या गाडीचे आबा

आबांची गाडी कधीच पुढे नसायची. शिरवळच्या आमच्या गोदामातून सांगलीकडे जाणाऱ्या दहा-बारा ट्रकचे ते प्रमुख. कोणी कोणता माल न्यायचा, कोणी कुठे थांबायचं, हे सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. पण गाड्या सुटायला लागल्या की आबा आपल्या ट्रकच्या पायरीवर बसून राहायचे, आणि शेवटच्या गाडीचं मागचं फाळकं गेटाबाहेर गेलं की सावकाश उठून आपली गाडी सुरू करायचे. मी तिथे नवी असताना मला वाटलं, म्हातारा आळशी आहे. मी डिस्पॅचची प्रमुख, गाड्या वेळेवर काढणं हे माझं काम. त्यातून मी वाईची. आमच्याकडे पहिल्या पंगतीला बसायची घाई जन्मजात असते. एकदा न राहवून म्हटलं, "आबा, तुम्ही मोठे. तुम्ही आधी निघालात तर बाकीचे भराभर निघतील." ते मिशीला लागलेला चहा पुसत म्हणाले, "म्होरं काय, कुनीबी जातंय ताई. म्होरं रस्ता असतोय. मागं कोन असतंय?"

आबा माणदेशातले, घराणं मेंढपाळांचं. पाऊस सरला की मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या आणि बायकापोरं असा सगळा वाडा घेऊन मुलुखभर चालायचं आणि पुढच्या पावसाला परत यायचं, यात त्यांचं बालपण गेलं. वडील पुढे फेटा बांधून चालत आणि आई सगळ्यांच्या मागे. लंगडणारी मेंढी, नुकतं जन्मलेलं कोकरू, दमलेलं पोर, जे जे मागे पडेल ते आईच्या वाट्याला. "लोक बापाला रामराम घालायचं," आबा सांगायचे, "पर वाडा आनला आईनं." त्यांनी हे इतक्या साधेपणाने सांगितलं की मला पुढे कितीतरी दिवस माझ्या आईची आठवण येत राहिली, आणि माझ्या आईने तर जन्मात मेंढरू हाकललं नव्हतं.

ट्रकलाही ते मेंढरंच म्हणायचे. "आज त्ये बारकं मेंढरू खोकतंय," म्हणजे बिरूच्या गाडीच्या इंजिनाचा आवाज नीट नाही. बिरू त्यांच्याच गावचा, सगळ्यांत तरुण ड्रायव्हर. त्याची गाडी बरोबर आबांच्या पुढे असायची, कारण तो झोपाळू आणि आबांची नजर त्याच्यावर. आत भरलेलं असायचं काय, तर बिस्किटं, साबण, शाम्पू, पास्ता, लहान मुलांचे लंगोट. विटा, तासगाव, सांगली, मिरज इथल्या आमच्या कंपनीच्या मार्टच्या फळ्या त्यावर भरायच्या. माणदेशातली दहा-बारा माणसं हा शहरी संसार घेऊन खंबाटकीचा घाट चढायची, कराडवरून विट्याला जायची, विट्याच्या चौकात सगळ्यांनी मिळून एकदा चहा प्यायचा आणि तिथून ज्याने त्याने आपापल्या दुकानाकडे जायचं. चौकात सगळ्या गाड्या लागेपर्यंत कोणी कपाला हात लावायचा नाही, हा आबांचा नियम. आणि ते शेवटी येणार असल्यामुळे त्यांच्यासकट सगळ्यांचा चहा रोज गार व्हायचा.

स्वतः आबा आमच्या मार्टात एकदाच गेले, विट्याच्या. ती गोष्ट त्यांच्या बायकोने, आक्कांनी, मला सांगितली. सगळी खरेदी होऊन दोघं बिलाच्या रांगेत उभी राहिली. मागून कोणी आलं की आबा म्हणायचे, "जावा तुमी म्होरं, तुमच्याकडं बारकं प्वार हाय." कधी पोर असायचं, कधी गुडघे धरून उभी असलेली म्हातारी, कधी कोणी नुसताच घाईत. आक्का संतापून ढकलगाडी तिथेच सोडून बाहेर जाऊन बसल्या. शेवटी दुकानातल्या मुलीनेच आबांचा हात धरून त्यांना पुढे आणलं. "ह्यांच्यासंगं आमी कुटंबी येळंवर पोचल्यालो न्हाई," आक्का म्हणाल्या, पण तक्रार करताना त्यांना हसू आवरत नव्हतं.

पुढे कंपनीने गाड्यांना जीपीएस बसवला. ड्रायव्हर मंडळी कुरकुरली, पण आबांनी प्रत्येक यंत्राला भंडारा लावला आणि विषय संपवला. मी मोठ्या हौसेने त्यांना ऑफिसात बोलावून पडद्यावरचे हिरवे ठिपके दाखवले. त्यांनी बराच वेळ बघून विचारलं, "ह्यातली मागची कंची?" मी दाखवली. "आन ही बंद पडली, तर म्होरच्या ठिपक्यांस्नी कळंल?" मी म्हटलं, "मला कळेल ना, आबा." त्यावर ते म्हणाले, "तुमी हितं बसून गाडीचा पाटा बदलनार हाय व्हय?" यात टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते, म्हणून मीही खरंच हसले.

मागच्याला सोडायचं नाही ही त्यांची नुसती सवय नव्हती, ती शपथ होती. गावाकडे बिरोबाच्या जत्रेत घोंगडी अंथरायची, सगळ्या ड्रायव्हरांनी तिच्यावर बसायचं आणि आबांच्या हातून बेल-भंडारा उचलायचा. मागच्याला सोडून पुढे जायचं नाही, आणि काम धरायचं तर सगळ्यांनी, सोडायचं तर सगळ्यांनी. त्यांच्याकडे ज्याच्या हातून भंडारा उचलला, त्यानेच तो परत घेतला तर शपथ सुटते. एरवी ती मोडायची कोणाची छाती होत नाही. मी सांगली-साताऱ्याच्या कितीतरी ट्रान्सपोर्टवाल्यांशी करार केले आहेत. त्या स्टँपपेपरांपेक्षा ही चिमूटभर हळद फारच कडक होती.

दिवाळीच्या तोंडावर एकदा कराडच्या पुढे बिरूचा टायर फुटला आणि स्टेपनीही बसकी निघाली. झालं, सगळ्या गाड्या रस्त्याच्या कडेला ओळीने उभ्या. तिकडे सांगलीच्या दुकानात ना मैदा, ना तेल, ना उटणं, आणि गिऱ्हाईक रिकाम्या फळ्यांकडे बघत उभं. दुसऱ्या दिवशी पुण्याहून आमचे मोठे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण त्या दिवशी तापला होता. "एक गाडी बंद पडली तर बाकीच्या का थांबल्या?" त्यांनी विचारलं.

"मेंढरू पाय मोडून बसलं की वाडा म्होरं जात न्हाई, सायेब."

"ही मेंढरं नाहीत, आबा. हा माल आहे."

"माल ग्येला असता वो म्होरं," आबा म्हणाले. "बिरू मागं ऱ्हायला असता."

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि ते पुण्याला परत निघाले. पण सांगलीकडचा माल रेल्वेने आणायचं त्यांच्या मनात आधीपासून होतं, ते त्या दिवशी पक्कं झालं असावं. बेत असा होता की गुजरातेतून आणि त्याच्याही वरून येणारा माल शिरवळला उतरवायचाच नाही. तो मालगाडीने थेट मिरजेच्या अलीकडच्या एका लहान स्टेशनच्या मालधक्क्यावर आणायचा, शेजारी नवं गोदाम बांधायचं आणि तिथून जवळच्या जवळ दुकानांना वाटायचा. घाटातली कोंडी नाही, डिझेलचा धूर नाही, स्टिअरिंगवर डुलक्या घेणारा ड्रायव्हर नाही. मी सगळे कागद तपासले. बेत चोख होता, आजही मी त्याला नावं ठेवणार नाही. फक्त शिरवळहून सांगलीकडे जाणाऱ्या गाड्यांना काम उरणार नव्हतं. मालधक्क्यापासून दुकानांपर्यंतच्या फेऱ्यांना पाच गाड्या पुरेशा होत्या.

साहेबांनी पाच गाड्या ठेवायची तयारी दाखवली. मी ड्रायव्हरांना सांगितलं, तर सगळ्यांचं एकच उत्तर, ठेवायचं तर सगळ्यांना, नाहीतर कोणालाच नको. मला आधी वाटलं, हा दबाव टाकायचा प्रकार आहे. तसं नव्हतं. त्यांच्यातल्या निम्म्यांची पोरं शाळेत होती, गाड्या त्यांच्या स्वतःच्या, नव्या, हप्त्यांवरच्या होत्या, ते काम त्यांना हवंच होतं. पण भंडारा उचललेला होता. साहेब म्हणाले, आठवडाभर वाट बघतो, मग मिरजेतले टेम्पो घेतो. आता सगळं आबांवर आलं. त्यांनी शपथ सोडवली तर पाच घरं तरतील आणि वाडा फुटेल, नाही सोडवली तर वाडा एकत्र राहील आणि एकत्रच उपाशी बसेल.

आबांनी माझ्याकडे एकच मागणं केलं. "मला ती रेल्वे दावा."

चाचणीची मालगाडी आली तेव्हा मी त्यांना मालधक्क्यावर घेऊन गेले. साहेब डब्यांची दारं, माल उतरवायची यंत्रं असं काय काय दाखवत होते. आबांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते गाडीच्या कडेकडेने चालत निघाले ते थेट शेवटपर्यंत, आणि त्यांच्या मागे धापा टाकत मी. शेवटी गार्डाचा डबा होता. गार्ड पायरीवर उभा राहून बाटलीतल्या पाण्याने चूळ भरत होता. आबांनी त्याला रामराम घातला आणि विचारलं, "तुमी कायम मागंच?"

"कायम मागंच, काका," तो म्हणाला. तोही इकडचाच निघाला, भिलवडीकडचा. "म्होरं काय चाललंय त्ये आमाला दिसत बी न्हाई."

"मागचं दिसतंय न्हवं?"

"त्येच बगाया ठेवलंय. एकांदा डबा सुटला, काय पेटलं, तर गाडी थांबवायची आन उतरून जायाचं."

आबांनी त्याच्या हाताला हात लावला. गार्डाने थर्मासमधला चहा त्यांना दिला आणि त्यांनी तो लगेच प्यायला, कोणाची वाट न बघता. मग आम्ही परत निघालो. साताऱ्याच्या जवळ आल्यावर म्हणाले, "मागं मानूस हाय, ताई. मग हरकत न्हाई." थोड्या वेळाने माझ्याकडे न बघताच पुढे म्हणाले, "चारा कमी पडला की आई वाडा फोडायची. चार मेंढरं हिकडं, चार तिकडं. त्याला मोडला म्हनायचं न्हाई." पण बोलताना ते हातातल्या टोपीची घडी पुन्हा पुन्हा घालत होते.

दोन दिवसांनी भर दुपारी गोदामाच्या अंगणात त्यांनी घोंगडी अंथरली. एकेकाला समोर बसवलं, त्याच्या तळहातावर भंडारा ठेवला आणि तो पुसून आपल्या हातात परत घेतला. मी खिडकीतून बघत होते. माझं तिथे काही काम नव्हतं, पण खिडकीपासून हलवेना. मग आबांनी पाच नावं सांगितली. ज्यांची पोरं लहान होती, ज्यांची घरं गाडीवरच चालत होती, अशांची. बिरूचं नाव होतं, आबांचं स्वतःचं नव्हतं.

बाकीच्यांनी तिथे मान डोलावली, आणि गेटाबाहेर गेल्यावर त्यांना शब्द फुटले. आबाने रेल्वेवाल्याचा चहा प्यायला आणि आम्हाला विकलं, असं कोणीतरी म्हणालं. ते गावापर्यंत पोचलं. ज्यांना काम मिळालं तेही आबांकडे बघून बोलेनासे झाले, कारण आबांच्या जागी आपण उरलो हे त्यांना पेलत नव्हतं. मला अजून कळत नाही की यात माणसं एवढी कशी दुरावली. त्यांच्यासाठी ज्याने आपला शब्द स्वतःच्या हाताने पुसला, त्याच्याच वाट्याला हे यावं याचं मला फार वाईट वाटलं, आणि अजून वाटतं.

शिरवळहून शेवटचा माल निघाला त्या दिवशी मलाही सांगलीच्या नव्या ऑफिसात जायचं होतं. मी आबांना विचारलं, तुमच्या गाडीत येऊ का. त्यांनी सीटवर घोंगडी घालून दिली. सगळ्या गाड्या सुटल्या, आबा पायरीवर बसून होते, शेवटचं फाळकं गेटाबाहेर गेलं आणि मग आम्ही निघालो. घाटात, साताऱ्यात, कराडात, समोरच्या काचेतून मला बिरूच्या गाडीची पाठ दिसत होती. फाळक्यावर त्याने पिवळ्या रंगात मेंढरू काढून घेतलं होतं. आबा म्हणाले, "त्याला सांगितलं व्हतं, शिंगं काड. त्यानं बिनशिंगाचं काडलं. आता त्ये कुत्र्यावानी दिसतंय."

कराड सोडून विट्याच्या रस्त्याला लागलो, रूळ मागे टाकले, आणि थोड्याच वेळात आबांच्या गाडीच्या मागच्या बाजूला काडकन आवाज झाला. चाकावरच्या स्प्रिंगचा पाटा तुटला होता. गाडी एका अंगाला कलली. आबांनी ती कशीबशी कडेला घेतली, उतरले, आणि चाकाला दगड लावायला खाली वाकले. मी केबिनमध्येच होते. समोर बिरूच्या गाडीचे ब्रेकचे लाल दिवे लागले. गाडी मंदावली. बिरू थांबला असं वाटून मी दार उघडून खाली उतरू लागले. दिवे विझले. गाडीने वेग घेतला, आणि ते बिनशिंगाचं मेंढरू पुढच्या वळणावर दिसेनासं झालं.

त्याआधीच्या गाड्या तर केव्हाच गेल्या होत्या. मी आबांकडे बघितलं. ते अजून चाकाशी वाकलेले होते, दगड नीट बसला का ते लाथेने तपासत होते. त्यांनी दिवे बघितले नसावेत असं मला वाटलं, आणि बरं वाटलं. मी काही सांगितलं नाही. उठल्यावर त्यांनी रिकाम्या रस्त्याकडे एकदा पाहिलं. "शानी हायती पोरं," ते म्हणाले. "आयकलं माझं."

मिस्त्री यायला वेळ होता. आम्ही बाभळीच्या सावलीत घोंगडीवर बसलो. आबांनी भाकरी सोडली, मला अर्धी दिली, वर खर्डा. मी आयुष्यात पुष्कळ चांगलं जेवले आहे, पण ती भाकरी मी नुसतीच कुस्करत बसले. आबा मात्र नीट जेवले, फडकं झटकलं, घडी घातली. विट्याच्या चौकात आम्ही पोचलो तेव्हा तिथे कोणी नव्हतं. चहावाल्याने विचारलं, "आज येकलंच, आबा?" आबांनी दोन चहा सांगितले आणि त्या चौकात पहिल्यांदाच गरम चहा प्यायला.

मला तेव्हा बिरूचा फार राग आला होता. आता येत नाही. त्या संध्याकाळी मालधक्क्यावर नव्या फेऱ्यांसाठी गाड्यांची तपासणी होती आणि वेळेत न पोचणाऱ्याची जागा जाणार होती. ती सूचना माझ्याच ऑफिसातून गेली होती. आणि त्याला थांबायला लावील असं त्याच्या हातावर काही राहिलेलं नव्हतं. ते आबांनीच पुसून घेतलं होतं. बिरू आता रोज मालधक्क्यावर भेटतो. रात्री घरी जाऊन झोपतो, त्याचा चेहरा भरला आहे. आबांचा विषय निघाला की तो गाडीखाली काहीतरी बघायला वाकतो.

आबांनी ट्रक विकला आणि गावाकडे थोडी मेंढरं घेतली. पुढच्या जत्रेत कोणी घोंगडी अंथरली नाही, असं आक्का म्हणाल्या. आबांनी ती नेली होती, बगलेत धरून दिवसभर उभे राहिले आणि तशीच परत आणली. एवढं सांगून त्यांनी विषय बदलला, मेंढ्यांच्या लोकरीला आता कोणी विचारत नाही वगैरे.

आबा मात्र मला अधूनमधून फोन करतात. दुकानांची चौकशी करत नाहीत, बिरूचीही करत नाहीत. मेंढरं कुठे चरतायत ते सांगतात आणि मग विचारतात, "गाडी येती न्हवं येळंवर? आन त्यो मागचा?" मी म्हणायची, येतो, हिरवं निशाण दाखवतो, एकदा तुमची आठवणही काढली त्याने. हे सगळं खरं होतं. भिलवडीच्या त्या गार्डाने खरोखरच विचारलं होतं, ते चहावाले काका कुठे असतात म्हणून.

मागच्या महिन्यात मालधक्क्यावर गाडी लागली आणि मी सवयीने शेवटपर्यंत चालत गेले. गार्डाचा डबा नव्हता. शेवटच्या डब्याला एक पेटी अडकवलेली होती आणि तिच्यावर लाल दिवा लुकलुकत होता. स्टेशनातल्या माणसाने सांगितलं, काही गाड्या आता अशाच येणार.

त्याच आठवड्यात आबांचा फोन आला. विचारणार हे मला माहीत होतं, आणि आबांशी खोटं बोलणं मला जमणारं नव्हतं. मी म्हटलं, "आबा, परवाच्या गाडीला गार्ड नव्हता."

"मग मागं काय व्हतं?"

"एक पेटी आहे. तिच्यावर लाल दिवा असतो. डबा सुटला तर इंजिनात लगेच कळतं, गाडी थांबते."

पलीकडे मेंढरांचा आवाज येत होता.

"आन उतरून मागं कोन जातंय?"

"दिवा लागतो ना, आबा," असं काहीतरी मी म्हणाले.

"दिवा तर बिरूच्या गाडीचाबी लागला व्हता, ताई," आबा म्हणाले. मग मेंढरं रानात शिरली म्हणून त्यांनी फोन ठेवला.